उशाशी चार पुस्तकं, हातात पेन्सिल

परवा भाचीचा मेसेज आला. "मावशी, सध्या काय वाचतेयस? एका ओळीत सांग." एका ओळीत किती चुका मावतात हे मोजण्यात जिची बावीस वर्षं गेली, तिला एका ओळीत सांगायला सांगतेय. मी लिहिलं, "गोडसे." दोन मिनिटांत फोन. "मावशी! गोडसे?" आवाजच बदलला होता पोरीचा. म्हटलं, अगं, तो नव्हे. हे विष्णुभट, वरसईचे. 1857 साली दक्षिणा मिळवायला म्हणून उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. तिचा जीव भांड्यात पडला आणि "बरं बरं" म्हणून तिने फोन ठेवलाही. विष्णुभटांचं पुढे काय झालं, हे विचारायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

म्हणून मग इथे लिहितेय. एक आधीच सांगून टाकते, यातलं एकही पुस्तक माझं वाचून संपलेलं नाही. संपलेल्या पुस्तकावर मी लिहायला बसले की माझं मत फार शहाणं होतं. जिथे कंटाळले होते ती पानं विसरलेली असतात, जिथे चिडले होते तिथे समजूतदारपणा आलेला असतो. अर्ध्यात असताना मात्र राग, लोभ, कंटाळा सगळं जागच्या जागी असतं. पुढे मत बदललं तर बदललं.

माझं काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे प्रुफं तपासण्याचं. याचा एक तोटा असा की आनंदासाठी वाचतानाही उजव्या हातात पेन्सिल असते. एखादी वेलांटी ऱ्हस्व हवी तिथे दीर्घ दिसली की समासात आपोआप खूण पडते. पुस्तक विकत घेतलेलं, छापून झालेलं, लेखक केव्हाच वारलेला, तरी माझी खूण पडतेच. ती कुणासाठी, देव जाणे.

तर गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. हे पुस्तक मी कॉलेजात असताना वाचलं होतं, निदान माझी तशी समजूत होती. आता कळतंय की तेव्हा मी इतिहासाचे अभ्यासक चिंतामणराव वैद्यांचा 'माझा प्रवास' वाचला होता. भटजींनी हे 1883 साली वैद्यांच्या सांगण्यावरून लिहून दिलं. छापून आलं 1907 साली, आणि तेव्हा भटजी हयात नव्हते. वैद्यांनी छापताना भाषा साफसूफ केली, काही गाळलं, काही नीटनेटकं लावून घेतलं. भटजींनी मुळात जसं लिहिलं होतं तसं छापून आणलं दत्तो वामन पोतदारांनी, 1966 साली. मधे जवळजवळ साठ वर्षं गेली. या साठ वर्षांत मराठी माणसाने जे गोडसे भटजी वाचले, ते वैद्यांनी इस्त्री केलेले.

यावेळी मी मूळ वाचतेय आणि धंद्याची शप्पथ, पहिली तीस पानं माझा हात थरथरत होता. काय ती वाक्यं! एका वाक्यात माणूस निघतो, मुक्कामाला पोचतो, आंघोळ-संध्या उरकतो, कुणीतरी भेटतं, त्याची हकिगत सांगतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतो. जुन्या हस्तलिखितांत विरामचिन्हं नसायचीच. कुठे थांबायचं ते छापणाऱ्याने ठरवायचं. मी असते तर कुठे थांबवलं असतं, याचा विचार करत मी चार-पाच पानं उगाच पेन्सिलीने तोडत बसले. मग कंटाळले आणि नुसती वाचायला लागले. मोठ्याने वाचलं की कळतं, हा माणूस थांबत नाही कारण तो लिहीत नाहीये, सांगतोय. समोर चार माणसं बसलीत आणि कुणी मधे उठून जाऊ नये म्हणून तो वाक्य सोडत नाही.

भटजी बाहेर पडले त्यात शौर्य नाही, देशाटनाची हौसही नाही. घरावर कर्ज झालेलं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दानधर्म होणार अशी बातमी लागली, म्हणून काकांना बरोबर घेऊन ते निघाले. म्हणजे हा माणूस 1857 च्या आगीत गेला तो दक्षिणेसाठी. आणि वाटेत जे जे दिसलं ते त्याने हिशेबाच्या वहीसारखं टिपून ठेवलं. कुणी किती दिलं, कुठे काय मिळालं, चोरांनी काय नेलं. बंडाची पहिली कुणकुण त्याला लागते महूजवळ, वाटेत भेटलेल्या शिपायांकडून. इतिहासाच्या पुस्तकात तारखा आणि कारणं येतात. इथे दोन भिक्षुक रस्त्यात उभे राहून विचार करताहेत, पुढे जावं की मागे फिरावं? मागे फिरलो तर कर्जाचं काय?

झाशीचा भाग मी मुद्दाम सावकाश वाचला. शहर पडल्यावरची लूट त्याने ज्या पद्धतीने सांगितलीय ती कुठल्याही कादंबरीकाराला सुचली नसती. लुटीलासुद्धा क्रम होता! आधी सोनं-रुपं, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापडचोपड, असं एकेक. जणू कुणी घर आवरायला काढलंय. त्याने 'क्रूर' असा एक शब्द वापरला असता तर मी पान उलटून पुढे गेले असते. त्याने मालाची यादी दिली. मी पुस्तक पोटावर उपडं ठेवून छताकडे बघत बसले.

आणि ती विहीर. ज्यांनी हे पुस्तक वाचलंय त्यांना सांगायला नकोच. काल्पीच्या वाटेवर भटजी विहिरीपाशी आहेत आणि घोड्यावरून धुळीने माखलेली, पुरुषी वेशातली लक्ष्मीबाई येते. तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती त्यांना थांबवते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, मी काढते. मग मातीच्या मडक्याने स्वतः पाणी ओढते आणि ओंजळीने पिते. आणि म्हणते ते असं की, मला एकटीला अर्धा शेर तांदूळ पुरले असते, विधवेचा धर्म सोडून हा उद्योग करायची मला गरज नव्हती. पुतळे पाहून पाहून माझ्या डोळ्यांसमोर राणी म्हणजे उगारलेली तलवार आणि पाठीवर मूल एवढंच होतं. तांदळाचा हिशेब करणारी राणी मला या भिक्षुकाने दाखवली. तोही आयुष्यभर तांदळाचाच हिशेब करत आलेला, म्हणून त्याला ते वाक्य लक्षात राहिलं असावं. पंचवीस वर्षांनी लिहायला बसला तरी अर्धा शेर तो विसरला नाही.

तक्रारीही आहेत. भटजी गावगप्पा फार मारतात. राजवाड्यातली कुजबुज, कोण कुणाशी कसं वागलं, हे त्यांना इतकं आवडतं की मधेच मी वैतागते. जातीचा ताठाही जागोजागी आहे, आणि तो असा सहज येतो की लिहिणाऱ्याला तो दिसतसुद्धा नसावा. हे सोसूनच वाचावं लागतं. वैद्यांनी साफ केलं ते का केलं असेल हेही मला कळतं. मीसुद्धा पोटासाठी तेच करते. पण दोन्ही आवृत्त्यांची पानं शेजारी शेजारी ठेवून बघितली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण इतक्या वर्षांत किती जणांचे आवाज सरळ करून टाकले असतील.

हा विचार डोक्यात घोळत असतानाच दुसरं पुस्तक हातात आलं, किंवा म्हणून आलं. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. पहिल्या छपाईत ते 'स्मृतिचित्रें' होतं, शेवटी अनुस्वार. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि नंतरच्या आवृत्त्यांतून ते टिंब उडालं. मी या नियमांवर जगते, त्यामुळे त्यांना नावं ठेवणार नाही. पण जुनं मुखपृष्ठ बघितलं की ते टिंब कपाळावरच्या कुंकवासारखं वाटतं.

हे मी तिसऱ्यांदा वाचतेय आणि यावेळी सुरुवातीलाच अडखळले. आतापर्यंत कशी नजर गेली नव्हती? लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील 1857 मध्ये फासावर गेले. त्याचा धसका लक्ष्मीबाईच्या वडिलांनी घेतला आणि त्यांना सोवळ्याचं वेड लागलं. म्हणजे जे बंड माझ्या उशाशी डाव्या बाजूला झाशीत चाललं होतं, त्याचाच एक तुकडा उजव्या बाजूच्या पुस्तकात नाशिकजवळच्या जलालपूरला एका घरात येऊन पडला होता. इथे तोफा नाहीत. इथे बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, मीठसुद्धा! मीठ धुतल्यावर काय उरणार? तेच उरायचं. लक्ष्मीबाई हे सांगते ती हसत हसत. त्या घरात मूल म्हणून राहणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं हे तिचं तिलाच ठाऊक, पण तुमच्यापुढे ती रडणार नाही.

(मी तिला 'ती' म्हणतेय. भटजींना 'ते' आणि हिला 'ती'. पुस्तक वाचलेल्यांना कारण विचारावं लागणार नाही.)

वयाच्या अकराव्या वर्षी लग्न. नवरा नारायण वामन टिळक, मोठा कवी, दिलदार, आणि न सांगता घरातून निघून जाण्यात पटाईत. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हिला न विचारता. त्यानंतरची ताटातुटीची वर्षं, मग पुन्हा एकत्र येणं, पण चूल वेगळी, सोवळं वेगळं, आणि मग सावकाश, स्वतःच्याच डोक्याने विचार करत करत तिचं बदलत जाणं. जिच्या वडिलांनी मीठ धुतलं त्या पोरीने एक दिवस ठरवलं की माणसा-माणसांतला हा विटाळ माणसांनीच केलाय. तिला हे कुणी पटवून दिलं नाही, नवऱ्याला तर ते मुळीच जमलं नव्हतं.

माझं सध्याचं मत, आणि हे संपेपर्यंत बदलू शकतं: या पुस्तकाला 'विनोदी' म्हणणारे लोक ते नीट वाचत नाहीत, आणि 'करुण' म्हणणारे त्याहून वाईट वाचतात. ती विनोद करत नाही. तिला समोरचा माणूस पूर्ण दिसतो, त्याचा हट्ट आणि त्याचं मन एकाच वेळी दिसतं, आणि ते तसंच्या तसं सांगितलं की आपल्याला हसू येतं. टिळकांवर ती इतक्या ठिकाणी चिडली आहे, पण त्यांना लहान करत नाही. मला हे जमत नाही. मी एखाद्या लेखकावर चिडले की त्याच्या प्रुफावर माझ्या खुणा जाड होतात, हे एका डीटीपीवाल्या मुलाने मला हळूच सांगितलं होतं.

वाक्यांबद्दल सांगायचं तर इथेही तेच. छोटी वाक्यं, बोलण्यातली. क्रियापद कधी आधी, कधी नंतर. मी एका पानावर तीन ठिकाणी शब्दक्रम बदलून बघितला. तिन्ही ठिकाणी वाक्य शुद्ध झालं, आणि बाई उठून गेली. खोडरबर घेऊन तिन्ही पुसलं. शेवटचा भाग तिच्या हातून पुरा झाला नाही. 1936 मध्ये ती गेली आणि मुलाने, देवदत्त टिळकांनी, उरलेलं लिहून पुस्तक पूर्ण केलं. तिथवर मी अजून पोचलेले नाही. यावेळी तो सांधा कुठे येतो ते आवाजावरून ओळखायचं असं ठरवलंय, मागे टीप असेल तर ती न बघता.

तिसरं, विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. 1939 सालचं, पातळसं. बेडेकरांची ही एकमेव कादंबरी. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, बोटीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू आणि त्यांच्यातली हॅर्टा, आणि परत निघालेला चक्रधर. विसाव्या वर्षी मी या चक्रधरच्या प्रेमात पडले होते. आता तो बोलायला लागला की मला बोटीवरून उतरावंसं वाटतं. त्याचं एक प्रेम फसलेलं आहे, कबूल. म्हणून जगातल्या सगळ्या बायकांकडे बघण्याची त्याची ती नजर! समोर माणसांना उतरायला देश नाहीये, आणि हा अजून आपल्या जुन्या जखमेची खपली काढतोय. पण मग वाटतं, बेडेकरांना हे दिसत नव्हतं असं थोडंच आहे? कदाचित तेच दाखवायचं असेल. या मुद्द्यावर मी निम्म्या पुस्तकात अडकून पडलेय. लुई नावाचं लहानगं पोर येतं तेव्हा पुस्तक एकदम उजळतं आणि मला चक्रधरसुद्धा आवडायला लागतो, तेवढ्यापुरता.

एक मात्र खरं. या पुस्तकात माझी पेन्सिल एकदाही टेकली नाही. प्रत्येक वाक्य बेतून शिवल्यासारखं. एक शब्द काढून बघा, उसवतं. मराठीत इतकी घट्ट कादंबरी फार थोड्यांनी लिहिली. पण लागोपाठ दोन रात्री भटजी आणि लक्ष्मीबाई ऐकल्यावर मला हा घट्टपणा जरा टोचतो. तिथे माणसं बोलत होती, इथे एक फार हुशार माणूस लिहितोय. हे पुस्तकावर अन्यायाचं आहे, मला कळतंय. पुस्तकं एकटी वाचली जात नाहीत. शेजारी कोण आहे त्यावरही असतं. पंधरा दिवसांनी हेच एकटं वाचलं तर मी कदाचित इथे येऊन माफी मागेन.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' चौथं. बारा महिन्यांवरचे बारा लेख. मी ठरवलं होतं की ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा. 'वसंतहृदय चैत्र' चैत्रातच वाचला, मोठ्या दिमाखात. पुढचा महिना कामात गेला, त्याच्या पुढचाही. आता दोन लेख उधारीवर आहेत. फसवणूक करून पुढचं वाचावं, की वर्षभर थांबून तो महिना पुन्हा येऊ द्यावा? सध्या थांबलेय. मत देण्याइतकं वाचलेलं नाही. एवढंच सांगते की चैत्राचा लेख वाचल्यावर आठवडाभर मी झाडांकडे बघून चालत होते आणि दोनदा ठेचकाळले.

पाचवंही एक होतं. जाडजूड, गाजलेलं, नाव घेत नाही. 140 व्या पानावर सोडलं. चुका फार नव्हत्या, तोच त्रास होता. सगळी माणसं एकसारखी, शुद्ध, पूर्ण वाक्यांत बोलत होती. आजोबा, नात, दारावर आलेला माणूस, सगळ्यांचं व्याकरण एक. माझ्यासारख्याच कुणीतरी ते फार मन लावून तपासलं असणार.

काल रात्री पुन्हा विष्णुभटांकडे गेले. आता परतीचा प्रवास चालू आहे. मिळवलेलं बरंचसं लुटलं गेलं, पुन्हा थोडं मिळालं, पुन्हा गेलं. कर्ज फेडायला निघालेला माणूस घरी काय नेतोय, तर आईवडिलांना आंघोळ घालायला गंगेचं पाणी. कावडीतून, पायी. आल्या वाटेवर गंगा मागे राहिली, वरसई अजून फार लांब आहे, आणि वाक्य काही केल्या संपत नाहीये. बारा वाजून गेले होते. झोप आली होती. पण वाक्याच्या मधे खूण ठेवून पुस्तक मिटवणं जिवावर आलं. एवढा वेळ तो माणूस कावड खाली न टेकवता चालतोय आणि मी दिवा घालवायचा?

शेवटी घातला. पेन्सिलच खूण म्हणून आत ठेवली.

सकाळी भाचीचा मेसेज होता. "सॉरी मावशी, परवा घाईत होते. मग काय झालं त्या भटजींचं?"

लिहिलं, "अजून घरी पोचले नाहीत."